चेंडू, खेळपट्टी आणि निवडीचा अधिकार : महाराष्ट्रातील गोलंदाजीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडेतिहासात खेळाडूंच्या पराक्रमाची नोंद विपुल आढळते. परंतु ज्या जमिनीवर तो पराक्रम घडला आणि ज्या साधनाच्या साहाय्याने तो घडला, त्यांचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. चेंडूने खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळात चेंडू आणि पृष्ठभाग यांच्यातील घर्षण हा निर्णायक घटक असतो. पृष्ठभाग ओला असो वा कोरडा, तेलकट असो वा खरबरीत, त्याच्या गुणधर्मानुसार चेंडू घसरतो, पकड घेतो, वळतो किंवा उसळतो. तेव्हा पृष्ठभागास अनुरूप चेंडू कोणता, हा प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा ठरतो. मात्र तो चेंडू कोणी निवडावयाचा आणि तो पृष्ठभाग कोणी तयार करावयाचा, हे प्रश्न सामाजिक स्वरूपाचे आहेत व त्यांची उत्तरे इतिहासात शोधावी लागतात.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील क्रिकेटच्या, विशेषतः गोलंदाजीच्या, इतिहासाचा या दृष्टीने विचार केला आहे. विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) चेंडू व पृष्ठभाग यांच्या परस्परसंबंधाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मैदान, मॅटिंग आणि माती यांतील बदलांचा गोलंदाजीवर झालेला परिणाम तपासणे.
३) पृष्ठभागाचे ज्ञान आणि निवडीचा अधिकार यांत पडलेल्या अंतराचा शोध घेणे.
४) नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी या प्रश्नास असलेले महत्त्व विशद करणे.

तुलनेची चौकट : तेल लावलेली पट्टी

हा विषय समजून घेण्यासाठी प्रथम टेनपिन बोलिंग या खेळाचे उदाहरण उपयुक्त ठरते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत व्यापारी संकुलांमधून परिचित झालेल्या या खेळात साठ फूट लांबीच्या पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून पलीकडील दहा पिना पाडावयाच्या असतात. पट्टी लाकडी असताना घर्षणाने तिची झीज होऊ नये म्हणून तिच्यावर तेलाचा थर देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे संरक्षणाचा हा उपायच खेळाचा केंद्रबिंदू ठरला. पट्टीच्या आरंभीच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर तेल असते आणि पिनांकडील भाग कोरडा ठेवला जातो. त्यामुळे चेंडू प्रथम घसरतो, मग कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. हे तेल खेळाडूस डोळ्यांनी फारसे दिसत नाही. चेंडू कसा वागला यावरूनच त्याला तेलाचा अंदाज बांधावा लागतो.

या अंदाजानुसार खेळाडू चेंडू निवडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी चेंडूची जागा कठीण रबराने घेतली. त्यानंतर पॉलिएस्टर, १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पॉलियुरेथेन आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेलातही पकड घेणारे रेझिनचे आवरण प्रचारात आले. कोरड्या पट्टीवर गुळगुळीत आवरणाचा चेंडू सरळ जातो म्हणून तो घ्यावा, भरपूर तेल असल्यास सच्छिद्र व खरबरीत आवरणाचा घ्यावा, हा सर्वसाधारण नियम होय. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूने पॉलिएस्टरचा चेंडू रसायनात बुडवून मऊ केला व अनेक स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर संघटनेने चेंडूच्या कठीणपणाची किमान मर्यादा ठरवून दिली. मर्यादा संघटनेने घातली असली तरी तिच्या आत निवडीचा अधिकार खेळाडूकडे राहिला. व्यावसायिक खेळाडू आजही एकापेक्षा अधिक चेंडू घेऊन स्पर्धेस उतरतो.

क्रिकेटमध्ये मात्र नेमकी याउलट स्थिती आहे. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा, हे नियमाने ठरलेले आहे. तो कोणत्या बनावटीचा असावा हे नियामक मंडळ ठरवते आणि खेळपट्टी यजमान संस्था तयार करते. गोलंदाजाच्या हाती उरते ते केवळ बोटांची पकड, मनगट आणि टप्पा. बोलिंगमध्ये पट्टी पाहून चेंडू बदलतात, तर क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहून गोलंदाज बदलतात. या एका फरकातून क्रिकेटच्या इतिहासातील अनेक घटनांचा उलगडा होतो.

मैदानाचा प्रश्न : मुंबई

महाराष्ट्रात पृष्ठभागाविषयीचा पहिला लक्षणीय संघर्ष मुंबईच्या मैदानावर घडला. १८४८ मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लबची स्थापना केली. एतद्देशीय खेळाडू किल्ल्याबाहेरील मोकळ्या मैदानावर खेळत असत. १८७५ मध्ये युरोपीयांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याच्या सभासदांनी क्रिकेटसाठी स्वतःची हिरवळ राखून ठेवली आणि पोलोसाठी मात्र एतद्देशीयांच्या मैदानाचा वापर चालविला. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई व त्या खड्ड्यांतून चेंडू कसा उसळेल याचा भरवसा राहत नसे. १८८० च्या दशकाच्या आरंभी पारशी व हिंदू खेळाडूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासात या लढ्याचा वृत्तांत दिला आहे.

या तक्रारीचा गाभा खेळपट्टीच्या प्रतीचा होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. खेळण्यास बंदी नव्हती. परंतु खेळण्यायोग्य जमीन नव्हती. पुढे समुद्रकिनाऱ्यावरील नव्या जागेत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना मैदाने मिळाली. धर्मनिहाय जिमखान्यांच्या या रचनेतूनच १९१२ पासूनची चौरंगी आणि १९३७ पासूनची पंचरंगी स्पर्धा उभी राहिली. या स्पर्धांच्या मुळाशी जमिनीच्या वाटपाचा प्रश्न होता, याचा सहसा विसर पडतो.

रोलर ओढणारा गोलंदाज : पुणे

मुंबईत जमिनीच्या हक्कासाठी अर्ज होत होते. पुण्यात त्याच काळानंतर जमिनीशी वेगळ्याच नात्याने बांधलेला एक गोलंदाज घडत होता. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी प्रथम पुण्यातील पारशी क्लबमध्ये व नंतर युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये नोकरी केली. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरविणे, जाळी लावणे, रेषा आखणे ही त्यांची कामे होती व त्यांसाठी पूना क्लबात दरमहा चार रुपये वेतन मिळत असे. पुढे सरावासाठी त्यांना गोलंदाजी करावयास सांगण्यात आले. जे. जी. ग्रेग या नामवंत युरोपीय फलंदाजास ते दीर्घकाळ गोलंदाजी करीत. त्यांना फलंदाजीच्या सरावाची संधी मात्र दिली जात नसे.

बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचे कौतुक अनेकांनी केले आहे. तथापि त्या कौशल्याचा त्यांच्या कामाशी असलेला संबंध अधिक तपासण्यासारखा आहे. सकाळी ज्याने खेळपट्टीवर पाणी मारले, रोलर फिरविला, कोणता भाग कच्चा राहिला आणि कोणता लवकर वाळेल हे हाताने चाचपले, त्याला दुपारी टप्पा कोठे टाकावा हे इतरांपेक्षा अधिक कळले असल्यास नवल नाही. बोलिंगचा खेळाडू तेलाचा अंदाज चेंडूच्या वागण्यावरून बांधतो. बाळूंना खेळपट्टी तयार करतानाच ती कळत होती.

पुण्याच्या हिंदू क्लबात त्यांना घेण्याच्या प्रश्नावर मतभेद झाले. अखेर त्यांचे कौशल्य निर्णायक ठरले. पण चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या पात्रात दिला जाई. येथे चेंडूचा विचार मनात येतोच. तो चामड्याचा होता आणि मैदानावर सर्वांच्या हातून फिरत होता. त्यास कोणाची हरकत नव्हती. मंडपात प्रवेश करताच तेच हात अस्पृश्य ठरत. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळविला, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून त्यांनी दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. इंग्लंडमधील ओलसर, मऊ खेळपट्ट्या पुण्याच्या जमिनीहून सर्वस्वी भिन्न होत्या. तेथे साधलेले हे यश त्यांच्या पृष्ठभागाच्या जाणकारीचा भक्कम पुरावा मानता येईल. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

मॅटिंगचे युग

जिमखान्यांच्या हिरवळी राखण्यासाठी पाणी, माळी आणि पैसा लागत असे. ज्या क्लबांना, शाळा-महाविद्यालयांना व लहान शहरांना हे परवडत नव्हते, त्यांनी मॅटिंगचा मार्ग स्वीकारला. कठीण दाबलेल्या जमिनीवर काथ्याची किंवा तागाची चटई अंथरून ती खिळ्यांनी ताणून बसवीत. ताणलेल्या चटईवर चेंडू झपाट्याने उसळे, तर सैल चटईवर तो धाग्यांत अडकून अधिक वळे. चटई किती ताणावी हा निर्णयदेखील एक प्रकारे पट्टीवर तेल किती लावावे यासारखाच होता. चटईच्या खरबरीत पृष्ठभागामुळे चेंडूचे चामडे लवकर झिजे, चकाकी जाई आणि हवेत चेंडू वळविणाऱ्या गोलंदाजापेक्षा टप्प्यावर चेंडू कापणाऱ्या व फिरविणाऱ्या गोलंदाजास महत्त्व येई.

मॅटिंगचा हा गुण जगात इतरत्रही दिसून आला होता. १९०५-०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने गुगली गोलंदाजांच्या बळावर मॅटिंगवर इंग्लंडचा ४-१ असा पराभव केला. १९१३-१४ मध्ये त्याच देशात सिडनी बार्न्स यांनी अवघ्या चार कसोटी सामन्यांत ४९ बळी मिळविले. भारतात या फरकाचे सर्वांत स्पष्ट दर्शन १९५२ मध्ये घडले. पाकिस्तानच्या पहिल्या कसोटी मालिकेतील दिल्लीच्या सामन्यात विनू मंकड यांनी १३१ धावांत १३ बळी घेतले आणि भारत डावाने विजयी झाला. पुढील सामना लखनौला तागाच्या मॅटिंगवर झाला. तेथे मॅटिंगवर वाढलेल्या फझल महमूद यांनी ९४ धावांत १२ बळी घेतले व पाकिस्तानने एक डाव ४३ धावांनी विजय मिळविला. लखनौला मंकड खेळत नव्हते. त्यामुळे निकालाचे सर्व श्रेय पृष्ठभागास देता येणार नाही. तरीही पृष्ठभाग बदलताच सामन्याचा नायक बदलला, हे नाकारता येत नाही.

खेळपट्टी पाहून गोलंदाज निवडण्याचे उत्तम उदाहरण १९५९ मधील कानपूर कसोटीत सापडते. तेथे नव्याने गवती खेळपट्टी तयार करण्यात आली होती. निवड समितीचे प्रमुख लाला अमरनाथ यांनी ती पाहून ऑफस्पिनर जसू पटेल यांच्या समावेशाचा आग्रह धरला. पटेल यांनी एका डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १२४ धावांत १४ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा हा पहिला कसोटी विजय होता. बोलिंगपटू पिशवीतून योग्य चेंडू काढतो, त्याचप्रमाणे निवड समितीने येथे गोलंदाज काढला. पटेल यांची संपूर्ण कसोटी कारकीर्द मात्र सात सामन्यांचीच राहिली. पृष्ठभागासाठी निवडलेल्या गोलंदाजास पृष्ठभाग बदलल्यावर बाजूला ठेवले जाते. चेंडूला याचे सुखदुःख नसते, माणसाला असते.

पावसाळी खेळ आणि चेंडूचा उद्योग

मॅटिंगच्या काळातच मुंबईने पृष्ठभागाचा आणखी एक धडा गिरविला. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळविली जाते. ओल्या मैदानात चेंडू पाणी पितो, जड होतो, हातातून निसटतो. गवतातून फटका पुढे सरकत नाही. मध्यमगती गोलंदाजांचे येथे फावते, तर फलंदाजास उशिरा व सरळ बॅटने खेळावे लागते. मुंबईच्या फलंदाजीच्या चिवटपणाचे श्रेय अनेकदा या स्पर्धेस दिले गेले आहे.

चेंडूच्या निर्मितीचा भूगोलही याच काळात बदलला. आरंभी उत्तम चेंडू इंग्लंडहून येत. हळूहळू सियालकोट हे भारतातील क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र बनले. सॅन्सपॅरिल्स ही संस्था १९३१ मध्ये तेथेच स्थापन झाली. फाळणीनंतर अनेक कारागीर व उद्योजक भारतात आले आणि मेरठ व जालंधर ही नवी केंद्रे उभी राहिली. मेरठमध्ये तयार होणारा एसजी चेंडू १९९० च्या दशकापासून भारतातील कसोटी सामन्यांत वापरला जातो. तो हाताने शिवलेला असून त्याची शिवण ठळक असते. इंग्लंडमधील ड्यूक्स चेंडूही हाताने शिवलेला असतो आणि त्याची चकाकी दीर्घकाळ टिकते. ऑस्ट्रेलियातील कुकाबुरा चेंडूची शिवण तुलनेने लवकर दबते. खरबरीत भारतीय खेळपट्ट्यांवर चकाकी लवकर जाते. अशा वेळी ठळक शिवणच फिरकी गोलंदाजाला पकड मिळवून देते. मात्र २०१८ मध्ये तत्कालीन कर्णधार विराट कोहली यांनी जगभर ड्यूक्स चेंडू वापरावा असे मत मांडले होते. एवढ्या नामवंत कर्णधारासही मतप्रदर्शनापलीकडे अधिकार नव्हता, ही गोष्ट क्रिकेटमधील निवडीची मर्यादा दाखवून देते.

काळी माती आणि लाल माती

चेंडू एकच राहिला तरी माती त्याला कसे वेगळे वागविते, हे महाराष्ट्रातील दोन मैदानांवरून दिसते. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकापासून तयार झालेली काळी माती आढळते. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. अशा मातीच्या खेळपट्टीवर चेंडू सामान्यतः संथ व खाली राहतो. लाल मातीत फुगण्याचा गुणधर्म कमी असतो. ती कठीण दाबली असता उसळी चांगली मिळते. परंतु वरचा थर सुटू लागला की चेंडू झपाट्याने वळतो.

पुण्याजवळील गहुंजे येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे डावखुरे फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओ'कीफ यांनी ७० धावांत १२ बळी घेतले. भारताचे डाव १०५ व १०७ धावांत आटोपले आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळपट्टीस निकृष्ट ठरविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथेच काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनर यांनी १५७ धावांत १३ बळी टिपले. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील लाल मातीवर, मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेल यांनी न्यूझीलंडकडून डिसेंबर २०२१ मध्ये एका डावातील सर्व दहा बळी घेतले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा सामन्यात ११ बळी मिळविले. या चारही प्रसंगी चेंडू भारतीय बनावटीचा व खेळपट्टी यजमानांची होती. तरीही लाभ पाहुण्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांस झाला. पृष्ठभाग तयार करण्याचा अधिकार असणे आणि त्याचे पूर्ण ज्ञान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

नाशिकचा संदर्भ

मुंबई-पुण्याच्या या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर नाशिककडे पाहणे उचित ठरेल. शहराच्या मध्यभागी असलेले गोल्फ क्लब मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून ओळखले जाते. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. साहेबांच्या खेळाची स्मृती सांगणाऱ्या मैदानास त्यांच्याच सत्तेस आव्हान देणाऱ्या तरुणाचे नाव मिळावे, यात जमिनीवरील हक्काचा बदललेला इतिहास सामावलेला आहे. लोकांच्या तोंडी मात्र आजही दोन्ही नावे आहेत. या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले असून जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र व बडोदा यांच्यातील सामनाही येथेच खेळला गेला. नाशिकचे डावखुरे फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव महाराष्ट्राकडून खेळले आहेत.

जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांचा अनुभव मात्र गवती खेळपट्टीपासून दूर असतो. गल्लीत टेनिसचा किंवा रबरी चेंडू, शाळेच्या आवारात सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेली चटई, आणि पुढे सीझन चेंडू असा त्यांचा प्रवास असतो. गंमत अशी की, गल्लीतील क्रिकेटमध्ये चेंडू निवडण्याचा अधिकार खेळणाऱ्यांकडेच असतो. जागा लहान असेल, शेजारच्या खिडक्या जवळ असतील किंवा जमीन खडबडीत असेल, तर त्यानुसार हलका वा जड चेंडू घेतला जातो. खेळ जसजसा औपचारिक होत जातो तसतसा हा अधिकार खेळाडूच्या हातून निसटतो. सिमेंटवर वाढलेल्या गोलंदाजास एकसारख्या उसळीची सवय लागते. निवड चाचणीत तो प्रथमच मातीच्या खेळपट्टीवर उतरला तर तेथे त्याची गुणवत्ता आणि त्याचा पृष्ठभागाशी असलेला अपरिचय यांची सरमिसळ होते. निवड करणाऱ्यास केवळ चुकलेला टप्पा दिसतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) चेंडू आणि पृष्ठभाग यांचा मेळ हा गोलंदाजीचा पाया आहे. बोलिंगमध्ये हा मेळ चेंडू बदलून, तर क्रिकेटमध्ये प्रामुख्याने गोलंदाज बदलून साधला जातो.

२) महाराष्ट्रातील क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या प्रतीचा प्रश्न आरंभापासूनच सत्ता व सामाजिक स्थान यांच्याशी निगडित राहिला. पोलोच्या टापांखालील मैदान आणि रोलर ओढणारे बाळू पालवणकर ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३) पृष्ठभागाचे सर्वाधिक ज्ञान अनेकदा तो तयार करणाऱ्या माळ्याकडे असते, परंतु निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे नसतो. क्रीडेतिहासाने या श्रमाची नोंद ज्ञान म्हणून घेणे आवश्यक आहे.

४) जिल्हा पातळीवर गुणवत्तेचा शोध न्याय्य व्हावयाचा असेल, तर निवड चाचणीपूर्वी खेळाडूंना मातीच्या खेळपट्टीवर पुरेसा सराव मिळाला पाहिजे. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी किमान एक मातीची खेळपट्टी राखणे आणि तिची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यास प्रशिक्षणात सामावून घेणे हे त्या दिशेने टाकलेले व्यवहार्य पाऊल ठरेल.

बाळूंच्या काळी खेळपट्टी राखणाऱ्याच्या हाती चेंडू गेला तो युरोपीय फलंदाजाच्या सरावाची सोय म्हणून. त्या योगायोगातून एक थोर गोलंदाज लाभला. सव्वाशे वर्षांनंतर अशी संधी योगायोगावर अवलंबून राहू नये, एवढी अपेक्षा या इतिहासाच्या अभ्यासातून निश्चितच करता येते.